केसभर

कॅमेरा मान टाकतो.
जेवणानंतर खुर्चीत पेंगणाऱ्या म्हाताऱ्यासारखा, हळूच.
मी क्षितिज आडवं करते, हात काढते,
आणि समुद्र डावीकडे सांडू लागतो.

सतरा वर्षं, दर जूनच्या अठ्ठावीस तारखेला,
फेरो बेटांच्या या शेवटच्या टोकावर,
खडकात ठोकलेल्या याच लोखंडी खुंटीला
ट्रायपॉडचा पुढचा पाय टेकवायचा.
समोर कड्याचे तेच कप्पे,
त्यांवर दाटीवाटीने उभे लोमवीइ पक्षी:
काळा कोट, पांढरा सदरा,
लग्नघरी वेळेआधी पोचलेल्या पाहुण्यांसारखे अवघडलेले.
फोटो तसाच यायला हवा, नाहीतर मोजणी खोटी.
एवढं शिकवून सनवोर गेली.

ट्रायपॉडही तिचाच. जड, अमेरिकन,
इंचांत विचार करणारा.
डोक्याखाली, पट्टीच्या आड, एक बारका स्क्रू;
त्याच्या माथ्यावर सहा कोनांचं भोक.
तो आवळला की झालं.
किल्ली सनवोरच्या कुठल्याशा कोटाच्या खिशात राहिली असेल,
आणि कोट तर कधीच वाटले गेले.

गावात उतरले.
बिल्लाच्या सायकलीच्या डब्यातल्या ॲलन की:
तीनची आत जाऊन नुसती फिरते,
रिकाम्या घरात कुणी फिरावं तशी.
चारची दारातच अडते.
चर्चचा ऑर्गन दुरुस्त करणाऱ्याची चामडी पिशवी. चारची.
ऐगुनकडे नातवाच्या पाळण्याबरोबर आलेली,
तिने पिशवीसकट जपून ठेवलेली. तीही चारची.
अख्ख्या गावात तीन आणि चार,
मधे काही राहतच नाही.
बोट उद्या सकाळी. तारीख आजची.
आणि पश्चिमेला धुकं
पाय मोकळे करायला निघालेलं.

टुम्मस गोठ्याशी मेंढी कातरत होता.
त्याने भोकात करंगळीचं नख घातलं, डोळे मिटले.
"चारपेक्षा केसभर कमी आहे," म्हणाला.
"एकच केस. तोही लहान मुलाचा."
मग आपल्या खोक्यातली चारची काढली,
सुरीच्या दगडावर पाणी शिंपडलं
आणि घासू लागला, एकेक बाजू, सहाच्या सहा.
मोजत होता की पुटपुटत होता, कळेना.
मेंढी अर्धी कातरलेली, तशीच उभी,
एका अंगाने हिवाळा, एका अंगाने उन्हाळा.

घालून पाहिली. नाही.
पुन्हा दगड. नाही.
पुन्हा.
मग किल्ली आत बसली,
आवाज असा झालाच नाही,
फक्त टुम्मसच्या भुवया खाली आल्या.
पाव वेढा. आणखी जरासा.
"बास. जास्त आवळशील तर आट्या खाशील."

मी किल्ली परत करू लागले.
"आता ती माझ्या कशालाच बसायची नाही,"
तो म्हणाला, आणि मेंढीचा उरलेला हिवाळा
उतरवायला वळला.

धुक्याने अकरा मिनिटं दिली.
कॅमेरा ताठ. समुद्र आपल्या जागी.

आता रात्र आहे. म्हणजे घड्याळ तसं म्हणतं,
खिडकीबाहेर उजेड अजून जागाच.
यंदाचा फोटो गेल्या वर्षीच्या फोटोवर ठेवते,
काठाला काठ, भेगेला भेग.
फरक नाही. केसभरसुद्धा नाही.
तिसऱ्या कप्प्यावर तेव्हा एकेचाळीस होते.

मनात आलं होतं, थोडं क्षितिज कललेलं असतं
तर म्हणता आलं असतं,
चौकटीबाहेर राहिले असतील काही.

टुम्मसची किल्ली लोकरीच्या धाग्याने
ट्रायपॉडच्या पायाला बांधलीय, दोन गाठी मारून.
पेन्सिलीचं टोक एकेका पक्ष्यावर ठेवत
पुन्हा मोजते.
सव्वीस.